अर्धं घर, वाट पाहणाऱ्या बायकांसाठी

मी, लेओनिसा आबुयेन, वय एकाहत्तर, विधवा, राहणार कनावान बेट, सामार प्रांत. डोकं ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी दुसरं केलेलं नाही.

एक. मी गेल्यावर चर्चमध्ये माझ्यासाठी मिस्सा होईल, तिच्यानंतर आणखी एक मिस्सा एका मासळीवालीच्या नावे व्हावी. तिचं नाव मला माहीत नाही. मुलगी मेर्सेदिताच्या वेळी शहराकडे जाताना मी होडीतच बाळंत झाले. नवरा सुकाणू धरून बसलेला. ही बाई टोपल्या सोडून माझ्या पाठीशी येऊन बसली. "ओरड गं, इथे ऐकतंय कोण?" म्हणाली आणि बाळ रडेपर्यंत माझा हात सोडला नाही. धक्क्यावर उतरली ती पुन्हा दिसली नाही. तेव्हापासून बेटावर कोणालाही कळा सुरू झाल्या की मी सुईणीबरोबर जाऊन तिच्या पाठीशी बसू लागले.

दोन. दीर तेओदोरो यांना भाताचं मोठं पातेलं. मी बाळंतपणांना फिरते, मग घरी भात कोण शिजवणार, असं ते आयुष्यभर विचारत आले. आता त्यांनीच शिजवावा.

तीन. माझ्या चटया आणि कोंबड्या सुईण एस्तेरला. परसातला शेवगा कोणी तोडू नये. बाळंतिणीच्या रश्श्याला पाला लागतो.

चार. सोन्याची कर्णफुलं विहीणबाई कोन्स्तान्सिया यांना. मेर्सेदिताच्या पहिल्या खेपेला येते, असा मी शब्द दिला होता. निघालेही. धक्क्यावर पलीकडच्या बेटावरची एक पोर कळा देत भिंतीला धरून उभी होती, सोबत कोणी नाही. मी थांबले. लेकीकडे पोचले तोवर नातवाला न्हाऊ घालून निजवलं होतं. विहीणबाई दारातच म्हणाल्या, "ती तुम्हाला हाका मारत होती. ओ मी दिली." एवढ्यावरून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. खरं तर त्यांचे पाय धरायला हवे होते.

ती पोर वाचली, तिचं बाळही. आज पुन्हा तसं झालं तरी मी थांबेन, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लेकीसमोर माझी मान वर होत नाही.

पाच. कायद्याने अर्धं घर मेर्सेदिताचं. उरलेलं अर्धं, शेजारच्या दवाखान्याजवळ राहून दिवस भरायची वाट पाहणाऱ्या लांबच्या बेटांवरच्या बायकांसाठी. इथेही मी तिच्या तोंडचंच काढते आहे. म्हणून मागच्या रविवारी तिला हे वाचून दाखवलं.

मग म्हणाली, "नानाय, तो दिवस मी विसरणार नाही. माफ केलं, असंही म्हणणार नाही."

मी म्हटलं, नको म्हणूस.

"पण या बायका येऊन राहणार, त्यांच्या पाठीशी बसणार कोण? तू तर मरून मोकळी होशील."

सहा. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी आणि त्या अर्ध्या घराची देखरेख मेर्सेदिताकडे. तिने ती स्वतः मागून घेतली आहे. पाठीशी बसायचं हे काम मी तिला शिकवलेलं नाही. शिकवायला मी घरी नसायचेच. एस्तेरने शिकवावं.

सही: लेओनिसा आबुयेन
साक्षीदार, तिघांनी माझ्यासमोर सही केली: रोमुलो काबुबास, फेलिसिदाद दाकुनो, निकानोर पाकोली
कनावान बेट, १४ मार्च २०११