ओली खोकी

अंबड, नाशिक
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. मामीचा गुडघा कुरकुरतोय, पण हळदीकुंकवाची एकही पायरी तिने सोडली नाही. पत्र बघून हसशील. फोनवर तू "हो मामा, बरं मामा" एवढंच बोलतेस आणि मी मध्येच ओरडतो. कागदावर ओरडता येत नाही. उद्या आपला ड्रायव्हर यादव खोक्यांची गाडी घेऊन वणीला येतोय, त्याच्याच हाती देतो.

कळवणहून तुझ्या आईचा फोन होता. लंकाताई एकदा सुरू झाली की तुला माहितीच आहे. "लय शानी झाली का ती? सख्ख्या मामाचा माल माघारी धाडती! थांब, पाया पडायला लावते तिला तुझ्या." मी म्हटलं, ताई, द्राक्षाचा सीझन आहे, पाया पडायला कोणाला वेळ आहे?

तू परत पाठवलेल्या गाडीचं म्हणशील तर आधी मी यादवला झापलं, ताडपत्री नीट बांधली नसशील. तो म्हणाला, "शेठ, पाऊस कुठंय?" मग दिंडोरी रोडच्या दवाला दोष दिला. मग तुझ्या त्या ओल मोजायच्या मीटरला. संध्याकाळी कामगार गेल्यावर एक खोकं फाडलं. मधला पुठ्ठा बोटाला गार लागला. ऑर्डर घाईची, म्हणून पुठ्ठा चिकटवायची खळ पुरती वाळू दिली नव्हती. त्यात द्राक्षं भरून थंड खोलीत थप्पी लावली असती, तर खालची खोकी बसली असती आणि सगळा माल वाया गेला असता.

ते झालं. मला बोलायचंय ते वेगळंच.

शुक्रवारी तुझ्या मालकांनी, दिनेशभाऊंनी, द्राक्षांच्या पॅकहाऊसमधून फोन केला, तेव्हा त्यांचा स्पीकर चालू होता. माझे कान तिखट. बायकांच्या कात्र्यांची कचकच ऐकू येत होती, आणि तुझा आवाज. "मामाचा असला तरी माल ओला आहे, काका." त्यावर ते मला म्हणाले, "ऐकलं का शेखरशेठ? कॉलेजात चोपन्न टक्के, आणि आपल्याला शिकवते! तुम्ही म्हणाल तर हिला हजेरीच्या मस्टरवर बसवतो, तपासायला दुसरा ठेवतो." आणि हसले.

मी हसलो नाही. पण बोललोही नाही काही. तू मीटर टेबलावर ठेवलास, तो टक् आवाजसुद्धा मी ऐकला.

मग तुझा मेसेज. "चुकलं मामा. सोमवारी जाऊन सांगते, नोकरी सोडते."

काय चुकलं गं?

निकाल लागला तेव्हा मी तुला म्हटलं होतं, ये माझ्याकडे, केबिन देतो. तू म्हणालीस, "तिथे मला कोणी मार्क विचारणार नाही मामा, म्हणूनच नको." तेव्हा राग आला होता. मला बी.कॉम.ला थर्ड क्लास. दोन ठिकाणी कागद बघून वाटेला लावलं, तिसरीकडे मी गेलोच नाही. भाड्याच्या गाळ्यात खोकी चिकटवायला बसलो. लोक म्हणतात, शेखरने हिमतीवर उभं केलं. हिंमत होतीच, नाही कशाला म्हणू? पण मालकाला कोणी मार्कशीट मागत नाही, हेही होतं. तू मात्र रोज अशा जागी उभी राहतेस, जिथे कोणीही उठून मागेल.

आज दुपारी दिनेशभाऊंना फोन लावला. म्हटलं, तिला तपासायलाच ठेवा.

"अहो, तुमचंच नुकसान करते ती!"

"म्हणून तर. भाचीने मामाचा माल अडवला, हे तुमच्या व्यापाऱ्यांच्या कानावर जाऊ द्या. तुमच्या द्राक्षांवर डोळे झाकून विश्वास ठेवतील."

धंद्याचं बोललं की त्यांना लवकर कळतं. मग म्हणाले, "नोकरी पक्की करू म्हणता?" मी म्हटलं, ते तिला विचारा, तिच्या मामाला नको.

तर तुला विचारतील. काय सांगायचं ते तू ठरव. सोडायचीच असेल तर सोड, पण माझ्यासाठी सोडू नकोस.

उद्याचा माल दोन दिवस वाळवलाय. तरी जेवताना दोनदा उठून गोदामात जाऊन आलो. मामी म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीबाहेर फिरल्यासारखं काय फिरताय?" यादवला सांगून ठेवलंय, गाडी योगिनीच्याच समोर उघडायची. तपासायला दुसरा कोणी आला तर दोर सोडायचा नाही, माल तसाच अंबडला आणायचा. सीझनमध्ये गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

इथून पुढचं पत्र माझ्या भाचीला नाही.

तपासनीस बाई,
गाडी दारात उभी आहे. हव्या त्या थप्पीतलं खोकं काढा आणि मीटर लावा. ओलं निघालं तर सगळा माल परत पाठवा.

आपला,
शेखर देवरे
खोकी पुरवणारा