आत्याबाईंच्या गलांड्याचं बी

मामा, यंदा विहिरीवरच्या माळाच्या तुकड्यात पुन्हा गलांडा लावलाय. काल पहिला तोडा झाला. तांबडी-पिवळी फुलं पाटीत बघून तुमची आठवण आली आणि आज लिहायला बसले. तुम्ही असताना मी तुमच्यासमोर फार बोलत नव्हते, त्यामुळे कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुमची नजर पुरती गेली होती. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. नळाचं पाणी आणि डब्यातली तुळस, एवढीच माझी शेती. तुमचा जन्म मेंढरांमागं गेलेला. मेंढरं विकल्यावर हा खडकाळ तुकडा उरला. त्यात दुसरं काही तग धरेना, म्हणून आमच्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, इनामगावच्या माहेराहून गलांड्याचं बी आणून टाकलं. माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या, पण त्यांचं बी तुम्ही मोडलं नाही. दर उन्हाळ्यात वाळलेली बोंडं हातावर चोळायचात, फुंकर मारून बी वेगळं करायचात आणि पावसाळ्यात तेच टाकायचात. फुलं शिरूरच्या बाजाराला जायची, बी मात्र घराबाहेर जात नव्हतं.

पहिल्या वर्षी तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी रोज संध्याकाळी रोपांना कळशीनं पाणी घालत होते. रोपांनी माना टाकल्या तशी मी आणखी एक कळशी वाढवली. तुम्ही काठी टेकत आलात, एका रोपाच्या बुडाशी बोट खुपसलंत आणि म्हणालात, "लाड करून मारलीस, पोरी. ह्याला तहान लागू दे." मी दोन दिवस रुसून होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला बांधावर बोलावलंत आणि बोट मातीत घालायला लावलंत. दोन पेरं कोरडी लागली की मगच पाणी, आणि फूल तोडत राहायचं, म्हणजे नवं येतं. आजही मी तसंच करते.

दुसऱ्या उन्हाळ्यात हे तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडं पुण्याला घेऊन गेले. घरी मी एकटी. तुम्ही याल तेव्हा रान लख्ख दिसावं, म्हणजे निदान पायाला तसं जाणवावं, म्हणून मी वाळलेली सगळी झाडं उपटली आणि पेटवून दिली. तुम्ही एसटीतून उतरलात आणि हातपाय धुवायच्या आधीच विचारलंत, कडेची बियाची ओळ वाळली का. ती ओळ तुम्ही राखली होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल. मी म्हणाले, काढून डब्यात ठेवलंय.

आठ दिवसांनी दवाखान्याचं निमित्त करून मी शिरूरला गेले, बियाण्याच्या दुकानातून पुडी घेतली आणि डब्यात ओतली. तुम्ही ते बी चिमटीत धरलंत आणि वाफ्यात टाकलंत.

दसऱ्याच्या आधी फुलं आली. आत्याबाईंचा गलांडा एकेरी, पाकळ्या मोजता येतील असा. हा दुहेरी, चेंडूसारखा गच्च. तुम्ही सरीत उकिडवे बसलाय, पहिलं फूल तुमच्या हातात आहे आणि तुमचं बोट त्याच्यावरून गोल फिरतंय, पुन्हा फिरतंय. मी पाटी घेऊन मागं उभी. तेवढ्यात हे कारखान्याच्या पाळीवरून येतात, बांधावर थांबतात आणि म्हणतात, "आबा, आईचा गलांडा असा नव्हता."

तुम्ही म्हणता, "औंदा खत घातलंय. फूल भरलं."

त्या तुकड्यात कधी खताची गोणी पडली नव्हती, मामा. यांना शेतीतलं फारसं कळत नव्हतं. ते मान हलवून घराकडं गेले. मी बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही फूल नाकाशी धरलंत. "वास न्हाई ह्याला," तुम्ही म्हणालात. "तिच्याबी फुलाला नव्हता." आणि काठी घेऊन उठलात.

पुढच्या उन्हाळ्यात बोंडं तुम्हीच चोळलीत. बी फडक्यात बांधलंत आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन माझ्यासमोर ठेवलंत. "हे तुझं बी. जप," एवढंच. मी चुलीकडं तोंड करून भाकरी थापत राहिले. त्या थंडीत तुम्ही गेलात. मौतीला आलेल्या माणसांचा चहा करण्यात तो दिवस सरला, मला रडायलाही झालं नाही.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, कुठं पाठवायचाही नाही. पण लिहिलंच आहे तर एक खरं सांगते. पुडीतलं बी टाकलं तो सगळा पावसाळा, रोपं वाढत होती तोवर, तुम्हाला दिसत नाही याचं मला बरं वाटत होतं.