चार काहिलींतला चुना

मी, देल्फिना सालिनास बेनाविदेस, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार कॉर्पस क्रिस्ती, टेक्सस, माझ्या मागे काय कोणाला द्यायचे ते या कागदांवर स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टर म्हणतात माझे हृदय थकले आहे. डोके थकले आहे असे अजून कोणी म्हटलेले नाही, माझ्या नणंदेनेसुद्धा नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. यापूर्वी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या दोन्हींत मी एक गोष्ट लपवली होती.

कलम एक. राहते घर, सामानासकट, माझा एकुलता एक मुलगा रोहेलियो याला. स्वयंपाकघराचा नळ गळतो हे त्याला गेली सहा वर्षे सांगत आहे. आता नळ त्याचाच झाला.

कलम दोन. बँकेतल्या शिलकीतून माझे अंत्यविधी साधेपणाने करावेत. भाड्याचे गाणारे बोलावू नयेत. उरेल ते नात मारिबेल हिच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी.

कलम तीन. मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळलेले तमाले वाफवायचे मोठे पातेले नणंद ओफेलिया हिला. ते आपले आहे असे ती चाळीस वर्षे म्हणत आली आणि मी चाळीस वर्षे तिला वेड्यात काढले. पातेले तिचेच आहे. तळाशी तिच्या आईचे नाव कोरलेले होते, ते मी घासून काढले.

कलम चार. बेनाविदेस गिरणी ही आमची कंपनी रोहेलियोला. मी आणि माझे यजमान एवारिस्तो यांनी ती एकोणसत्तर साली एका दगडी जात्यावर सुरू केली. आज आमच्या तोर्तिया, मक्याच्या पातळ पोळ्या, इथून ह्यूस्टनपर्यंत जातात. आपली माणसे जिथे छपरे घालतात, कोळंबी सोलतात, दुसऱ्यांची घरे पुसतात, तिथल्या प्रत्येक दुकानात आमचे पाकीट असते. पाकिटावरची हसरी आजी आमच्या घरातली नाही. छापखान्याच्या नमुन्यांतून ती मी निवडली, कारण माझी आजी कधी हसत नसे. लोक मला विचारतात, ही तुमची आजी का, आणि मी हो म्हणते. पण हे खोटे लहान आहे. मोठे पुढच्या कलमात आहे.

कलम पाच. हे कलम मी चार वेळा लिहिले आणि चारही वेळा फाडले. लिहिताना आजही मान वर होत नाही.

आमच्याकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर मुरवतात, सकाळी धुऊन ओलाच दळतात. सगळी मेख चुन्यात असते. कमी पडला तर साल सुटत नाही, जास्त पडला तर पीठ पिवळे होते आणि तोंड भाजते. म्हणून एवारिस्तोचा नियम होता की काहिलीत चुना एकाच माणसाने घालायचा, दुसऱ्याने डब्याला हातही लावायचा नाही. तो एक माणूस म्हणजे लिब्रादो काव्हासोस. पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून तो चुना बरोबर सांगे. त्यानेच रोहेलियोला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरले, म्हणून तो माझा कोम्पाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. हे नाते जडले की सख्खे भाऊबहीणसुद्धा देणार नाहीत इतका मान एकमेकांना द्यायचा असतो आणि मरेपर्यंत तुम्ही म्हणायचे असते.

दोन हजार तीन सालच्या बावीस डिसेंबरला दुपारी चार काहिली चुलीवर होत्या. नाताळचे तमाले घरोघर बनतात आणि त्यांचे पीठ न्यायला तेवीस तारखेला अर्धे गाव आमच्या दारात येते, आपापली पातेली, बादल्या, बाळाचे टबसुद्धा घेऊन. एवारिस्तो जाऊन पाच वर्षे झाली होती आणि बाईला गिरणी झेपणार नाही असे ज्यांनी म्हटले होते त्यांची नावे मला पाठ होती. लिब्रादो चुना घालून चर्चमध्ये बाकडी मांडायला गेला होता. मी काहिलीत डोकावले. पाणी मला पांढरे वाटले नाही. हा विसरला, असे मी ठरवूनच टाकले. चर्च दोन गल्ल्यांवर होते. कोणाला पाठवून विचारता आले असते. पण माझ्या घाईला विचारण्याची सवय नव्हती. चारही काहिलींत मी चुना घातला.

सकाळी मका धुताना लिब्रादोने दाणा जिभेला लावला आणि थुंकला.

"कोमाद्रे, यात दोनदा चुना पडलाय. हे फेकून द्यावं लागणार."

"बाहेर रांग बघितलीत का? पेट्रोल पंपापर्यंत गेलीय. अजून दोन पाणी घाला न् दळा."

"पाण्यानं नाही जायचं. आत मुरलंय ते."

तो जागचा हलला नाही. मी स्वतः जाते सुरू केले, आणि दुपारपर्यंत सगळे पीठ विकले.

संध्याकाळी लोक परत आले. सगळ्यात पुढे एस्तेफाना नावाची बाई होती. तिने पातेले गल्ल्यावर ठेवले. "सेन्योरा देल्फिना, ज्यांनी चाखून बघितलं त्या नातवंडांच्या तोंडाला फोड आलेत. उद्या सव्वीस माणसं जेवायला आहेत माझ्याकडं. काय वाढू त्यांना, तुम्हीच सांगा."

तिच्यामागे पन्नास-साठ माणसे होती. माझ्या शेजारी रोहेलियो होता, तेव्हा चोवीस वर्षांचा. आणि मी जीभ उचलून टाळ्याला लावली. "मला काय विचारता? चुना हा घालतो. ए लिब्रादो, सांग ना, किती घातलास?"

पंचावन्न वर्षांच्या माणसाला, माझ्या कोम्पाद्रेला, मी सगळ्यांसमोर अरेतुरे केले. त्याने माझ्या हाताकडे पाहिले, मग रोहेलियोकडे पाहिले. एप्रन काढला, त्याची नीट घडी घातली, तराजूशेजारी ठेवली आणि रांगेतून वाट काढत निघून गेला. कोणीतरी त्याच्या अंगावर पीठ फेकले. ते मी पाहिले.

लिहून ठेवते: दुसरा चुना मी घातला. खराब पीठ मी विकले. खापर मी त्याच्या डोक्यावर फोडले.

त्यानंतर एकाही गिरणीने त्याला उभे केले नाही. लोक त्याला 'दोन-चुने' म्हणू लागले. त्याच्या नातींनाही शाळेत तेच ऐकावे लागले. एकोणीस वर्षे त्याने कबरस्तानातले गवत कापले. आमची रांग मात्र पुढच्या नाताळला आणखी लांब झाली. सेन्योरा देल्फिनाने मालाच्या शुद्धतेपुढे कोम्पाद्रेचीसुद्धा गय केली नाही, असे लोक कौतुकाने म्हणत आणि मी ते कौतुक ऐकून घेई. त्याची बायको आंपारो वारली तेव्हा मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले. तो उठून माझ्यापर्यंत आला. म्हणाला, "आलात, बरं वाटलं, कोमाद्रे." तेव्हाही मी काही बोलले नाही. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि तरीही मी घरी जाऊन जेवले.

कलम सहा. जात्याला टाकी लावायची छिन्नी आणि हातोडी, ज्या लिब्रादो त्या दिवशी भिंतीवर टांगलेल्या सोडून गेला, त्या त्याला परत कराव्यात. त्या त्याच्याच आहेत. रोहेलियोने स्वतः नेऊन द्याव्यात, हॅट काढून.

कलम सात. ~~कंपनीचा चौथा हिस्सा लिब्रादो काव्हासोस याला.~~ हे कलम आज वकिलीणबाई मिस त्रेविन्यो यांच्या कार्यालयात खोडले. का खोडले ते लिहिणे जरूर आहे.

मी लिब्रादोला बोलावून घेतले होते. मिस त्रेविन्योंनी वरची सगळी कलमे मोठ्याने वाचली. तो हॅट गुडघ्यावर ठेवून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "साक्षीदार कोण?"

"माझ्या ऑफिसातले दोघे," त्या म्हणाल्या.

"एक सही मी करतो."

"सेन्योर लिब्रादो, ज्याला मिळणार आहे त्यानंच साक्षीची सही केली तर त्याचा हिस्सा जातो. कायदाच तसा आहे."

"जाऊ दे की मग."

मी म्हटले, "कोम्पाद्रे, असं करू नका. पाव गिरणी आहे ती. तुम्हाला नको तर नातींना देते."

"त्यांचं त्या बघतील. हिस्सा घेतला तर लोक काय म्हणतील? म्हातारीनं मरता मरता दया केली. सही केली तर एवढंच म्हणतील, की हे खरंय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाहीला चुना होता तुमच्या. आदल्या दिवशीचाच झगा घालून आला होतात."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरगा होता की शेजारी. माझ्या हातावर बाप्तिस्मा झालेला. त्याच्यासमोर त्याच्या आईला खोटं पाडायचं होय?" मग त्याने विचारले, "हे सगळ्यांना वाचून कधी दाखवणार?"

"मी गेल्यावर."

"तुमची आई एकशेदोन वर्षं जगली, कोमाद्रे. मी शहात्तरचा आहे. मला नाही जमायचं तेवढं थांबायला."

मिस त्रेविन्यो खिडकीबाहेर पाहू लागल्या. मी रडले, आणि त्याने मला रडू दिले.

कलम आठ. म्हणून असे ठरवते की कलम पाच माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. या महिन्याच्या तेवीस तारखेला सकाळी सात वाजता गिरणीच्या पायरीवर उभी राहून, रांगेसमोर, ते मी स्वतः वाचेन. रोहेलियो माझ्या शेजारी उभा राहील. त्याला हे अजून माहीत नाही आणि आज घरी जाऊन मला सांगायचे आहे. त्याआधी मी मेले तर त्याने वाचावे. मी जिवंत असून आजाराचे सोंग केले तर मिस त्रेविन्योंनी माझ्या दारात गाडी आणावी आणि मला बसवून न्यावे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचून घेतला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांनी आपले नाव, वय आणि व्यवसाय आपल्याच हाताने लिहिला आहे.

देल्फिना सालिनास बेनाविदेस
कॉर्पस क्रिस्ती, टेक्सस
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

साक्षीदार पहिला: नॉर्मा एलिसोंदो, वय ३४. व्यवसाय: वकिलाच्या कार्यालयात लिपिक.

साक्षीदार दुसरा: लिब्रादो काव्हासोस, वय ७६. व्यवसाय: मका शिजवणारा, बेनाविदेस गिरणी.