‘नीरा’ची टक्कर

९ जानेवारी २०२५, गुरुवार

बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि वर्तमानपत्राखाली सरकवलं. वीज बिल असावं तसं! मी काढून वाचलं. नौदलाचं होतं. नव्या गस्ती जहाजाला ‘नीरा’ हे नाव देतायत. १४ फेब्रुवारीला दक्षिण किनाऱ्यावरच्या गोदीत जलावतरण. जुन्या ‘नीरा’च्या हयात कप्तानांना सन्मानानं निमंत्रण.

“जाणार ना?”

“नाही.”

झालं. पुढे विचारायची सोय नाही. ‘नीरा’ हा शब्दच या घरात तेहतीस वर्षं कुणी काढलेला नाही.

मी तेव्हा दहावीत होते. डिसेंबर १९९१. पहाट, गुजरातचा किनारा, दाट धुकं. बाबांच्या जहाजासमोर अचानक एक मालवाहू जहाज आलं. अशा वेळी दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं, हा समुद्रावरचा नियम. ‘नीरा’ डावीकडे वळली! जहाजाचं नाक चेपलं. जीव कुणाचा गेला नाही, पण तिघं जबर जखमी. चौकशीत बाबा म्हणाले, ‘हुकूम मीच चुकीचा दिला.’ एवढंच. त्यांना परत कधी जहाज मिळालं नाही. कमांडर इंद्रजीत जगदाळे पुण्याला आले आणि शनिवार पेठेत पोरांना गणित शिकवायला लागले.

१० जानेवारी

पत्र अजून वर्तमानपत्राखालीच.

१२ जानेवारी, रविवार

शेजारची निकिता आली होती. मी नको ते बोलून बसले. ती फिसकन हसली. “नीरा? अहो, उन्हं वर आली की आंबते ती!” मला वाटलं, बाबा आता खोलीत निघून जाणार. पण ते खुर्चीतूनच म्हणाले, “नदी आहे ती. पुण्याहून साताऱ्याला जाताना तुम्ही तिच्यावरून जाता. त्या वेळी मोबाइलमध्ये बघत असता.”

आणि मग बाबा बोलायला लागले! तासभर! लढाऊ जहाजांची नावं कशी ठरतात — त्यासाठी एक समिती बसते. काही जहाजांना नद्यांची नावं, काहींना डोंगरांची, शहरांची, शस्त्रांची. जहाज म्हातारं झालं की भंगारात जातं, पण चांगलं राबलेलं नाव टाकून देत नाहीत. ते राखून ठेवतात आणि नवं जहाज बांधलं की त्याला देतात. नावाबरोबर चिन्ह आणि ब्रीदही. घरात आजीचं नाव नातीला ठेवतात तसं.

मी धीर करून विचारलं, “पण टक्कर झालेल्या जहाजाचं नाव पुन्हा कसं दिलं?”

बाबा म्हणाले, “नाव धडकलं नव्हतं, कल्याणी. मी धडकलो.”

पन्नाशी आली माझी. हा माणूस मला आज पहिल्यांदा दिसला असं वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

नीट लिहायला हवं.

अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. “ताई, जगदाळे साहेब इथंच राहतात का? मी दशरथ ओव्हाळ. येरवड्याहून आलोय. ‘नीरा’वर सुकाणू माझ्या हाती असायचं.”

आत आले, बाबांना बघितलं आणि टाचा जुळवून सॅल्यूट! बाबा काठी सोडून उभे राहिले. “ओव्हाळ! वजन वाढलंय तुझं.”

चहा ठेवला. ओव्हाळ कपाला हात लावीनात. म्हणाले, “साहेब, माझी मुलगी स्पृहा खडकवासल्याला संरक्षण प्रबोधिनीत लागली. पंधरा दिवस झाले. गेटवर सोडताना तिला म्हणालो, पोरी, काहीही होवो, खरं बोलायचं. कुठल्या तोंडानं म्हणालो मी ते?”

बाबांनी कप त्यांच्यापुढे सरकवला.

“त्या पहाटे तुम्ही ‘स्टारबोर्ड’ म्हणालात, साहेब. उजवीकडे. मी चाक डावीकडे फिरवलं. आदल्या दिवशी आई गेल्याचा निरोप आला होता. कुणाला सांगितलं नाही, तसाच ड्यूटीला उभा राहिलो. डोकं ठिकाणावर नव्हतं. पाळीवरचे दुसरे साहेब बाहेर सज्जात होते. आत फक्त तुम्ही आणि मी. चौकशीत तुम्ही आधी बोललात. मग चौकशीवाल्यांनी मला विचारलं, हुकमाप्रमाणेच फिरवलंस ना? मी म्हणालो — होय सर.”

माझ्या हातातला ट्रे मी तसाच धरून उभी. तेहतीस वर्षं!

आणि बाबा चक्क हसले. “ओव्हाळ, कानात कापूस घालून उभा होतास काय? मी ‘पोर्ट’ म्हणालो. डावीकडे. स्वच्छ.”

“नाही साहेब, मला पक्कं आठवतं—”

“तुझी आई गेली होती. तुला काय आठवणार? समोर जहाज बघून मी घाबरलो आणि उलटं बोललो. तू सांगितलं तेच केलंस. चौकशीच्या कागदावर माझी सही आहे. कागदापेक्षा तू शहाणा?”

ओव्हाळ दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला आठवत नाही, बाबांनी कधी कुणाच्या पाठीवर असा हात ठेवलेला.

निघताना ओव्हाळ जिना उतरले ते कठडा न धरता.

२० जानेवारी

म्हणजे जग म्हणत होतं ते खरंच. चूक बाबांचीच. क्षणभर मला काय काय वाटून गेलं होतं... जाऊ दे.

पण ओव्हाळ! न केलेली चूक तेहतीस वर्षं वागवली आणि ती कबूल करायला स्वतःच्या पायांनी आले. आणि बाबा! ‘मी घाबरलो’ — कप्तान असून, आपल्याच खलाशासमोर, आपल्याच मुलीदेखत! आमच्या कॉलेजात साधा पेपर हरवला तर पाच जण पाच जणांकडे बोट दाखवतात.

२२ जानेवारी

बाबांनी स्वतः फोन लावला. “जगदाळे बोलतोय. येतोय मी. माझ्याबरोबर आणखी एक जण. सुकाणूवरचा.”

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काय सांगू! तीन मजली इमारतीएवढं जहाज, करडं, नवंकोरं, जमिनीवर उभं. मंत्र म्हटले गेले. मग एका अधिकाऱ्याच्या पत्नीनं नारळ फोडला आणि माइकवर म्हणाली, “मी तुझं नाव नीरा ठेवते.” पडदा सरला. लोखंडावर ठसठशीत अक्षरं — नीरा. आणि एवढं मोठं धूड आवाज न करता पाण्यात घसरत गेलं. अंगावर काटा आला माझ्या.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे, काठी मला देऊन ताठ उभे. शेजारी ओव्हाळ. दोघांचे हात कपाळाशी. जहाज पाण्यात पूर्ण स्थिरावेपर्यंत एकाचाही हात खाली आला नाही.

तिथला एक तरुण अधिकारी येऊन बाबांच्या पाया पडला. जुन्या ‘नीरा’वरची आणखी चार माणसं भेटली. ओव्हाळ आज त्यांच्यातच राहिले. लेकीचा फोटो सगळ्यांना दाखवत होते.

१५ फेब्रुवारी

परत येताना साताऱ्याला चहाला थांबलो. दोघंच होतो. बाबा बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “मी स्टारबोर्डच म्हणालो होतो. ओव्हाळला कधी कळता कामा नये.”