डोंग्याची पहिली खेप

बाबा, आपल्या पूर्णेच्या पुलाजवळ आता सिमेंटची होडी करून ठेवली आहे. निळा रंग, वर शीड. लोक तिच्यात बसून फोटो काढतात. पूर्णेत शीड कधी कुणी पाहिलं होतं? तुमचा डोंगा काळा, बसकट, पुढून-मागून सारखाच. त्यातून कापसाची बोचकी गेली, वऱ्हाडं गेली, अडलेल्या बाईसाठी सुईण आली. मी तिथल्या माणसाला चांगलं सुनावलं, तर म्हणतो, "मावशी, शोभेची हाये ते." हल्ली चिडायचंही बळ फार वेळ टिकत नाही. घरी येऊन पडून राहिले.

पडल्या पडल्या तो पावसाळा आठवला. मला नदीपलीकडे, शहरात, कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात जायचं होतं. पूल होत आला होता आणि तुम्ही काठावरच्या बाभळीखाली नवा डोंगा जोडत होता. सागाच्या फळ्या, फटींत डांबरात भिजवलेला कापूस ठोकून बसवलेला. शेजारचे काका हसायचे, "पूल होऊन राह्यला अन् तू डोंगा करून राह्यला बे?" तुम्ही म्हणायचात, "पुलाचं पुलापाशी." मला वाटलं, हा माझ्यासाठीच. जायच्या दिवशी मी थेट त्यात जाऊन बसले. तुम्ही ओरडलात, "उतर! जुन्यात बस." जुना गळत होता. मांडीवर ट्रंक, नवे बूट पाण्यात, अशी मी गेले. "काऊन?" विचारलं, तर तुम्ही बांबू रेटत राहिलात.

शाळेत सिस्टरांनी माझं 'मले-तुले' महिनाभरात काढून टाकलं. राग तेवढा शाबूत राहिला.

त्या दिवाळीला मी घरी येते आहे. नदीआधीच्या थांब्यावर, वडनेरला, कळतं, गाडी आता पुलावरून थेट गावात जाते. मी ऐटीत चढते. घरात आई एकटी चकल्या तळते आहे. मला पाहून तिच्या हातातला झारा थांबतो. "तू कशी आली व? तुहे बाबा तं सकायपासून पल्याड बसले, नवा डोंगा घेऊन!" मग तिने सांगितलं. नव्या डोंग्यातून पहिल्या खेपेला गाव सोडून गेलेला उतारू परतत नाही म्हणतात. म्हणून पहिली खेप घरी येणाऱ्या माणसाची. माझ्यासाठी तुम्ही तो तोवर पाण्यातच घातला नव्हता.

तुम्ही दिवेलागणीला आलात, रिकामा डोंगा घेऊन. "मोटारीनं आली काय? बरं झालं. पाय नाही भिजले." मी म्हटलं, उद्या बसते. "आता काऊन व? तू तं आली." पुढच्या सुट्टीत पाहिलं, तर त्या डोंग्याची गव्हाण झाली होती. बैल त्यात कडबा खात होते.

एक वाक्य, बाबा. निघताना एक वाक्य बोलला असता, तर मी वडनेरला ती गाडी सोडली असती, चिखल तुडवत काठापर्यंत आले असते. जन्मभर मी वर्गातल्या पोरींना बजावलं, तोंड उघडा, मनातलं कुणाला दिसत नाही. तुम्हाला हे कुणी बजावायचं?

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, घडी घालून ठेवते आहे. इतकं शुद्ध लिहिलं, पण जे सांगायला बसले ते सिस्टरांच्या मराठीत काही केल्या उतरत नाही.

मले त्या डोंग्यात बसाचं होतं, बाबा.