मधला पितळी जोड

दि. ४ जानेवारी

ती. सौ. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आईला सांग, न्हाणीघरातली गरम पाण्याची जुनी टाकी काढून नवी बसवली. मीच बसवली, हसू नकोस. जुनी तळाशी इतकी गंजली होती की उचलताच अर्धी हातात आली. कंबरेचं हाड जुळलं की आईनं आपल्या घरी यावं आणि आल्याबरोबर कढत पाण्यानं अंघोळ करावी, म्हणून ही घाई. तुझ्याकडे तिला काही कमी नाही, तरी घरी कधी जायचं हे पालुपद तुला रोज ऐकावं लागत असणार.

भाचरांना पापा. माझ्यावर लोभ ठेव, निदान पहिली अंघोळ होईपर्यंत.
तुझा धाकटा

दि. १२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बातमी ऐकून आई भिंतीला धरून एकटी दारापर्यंत चालली! डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी जिना चढेल. पण तिनं लगेच विचारलं, टाकीचा तांब्याचा पाइप भिंतीतल्या लोखंडी पाइपला जोडताना मधे पितळी जोड घातलास ना. बाबा न चुकता घालायचे म्हणे, नाहीतर तांबं लोखंडाला खातं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण तू पडलास अतिशहाणा, म्हणून विचारते. खरं काय ते लिही.

ताई

दि. २० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरं लिहितो. दुकानात पितळी जोड संपला होता. तांबं सरळ लोखंडात बसवलं, वर टेप गुंडाळली. एक थेंब गळत नाही. जोड आला की बदलेन. आईला मात्र घातला म्हणूनच सांग, उगाच जिवाला घोर लावून घेईल.

तुझा धाकटा

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडानं लिहू? जोडापाशी लोखंडी पाइप झिजून फुटला. मी तेव्हा नेमका दोन आठवडे बाहेरगावी. पाणी भिंतीत मुरलं, आईच्या खोलीतली फरशी उखडली, पलंग कुजला. आता भिंत फोडून सगळेच पाइप बदलायचे. मिस्त्री म्हणतो, थंडी उजाडेल. घरातलं पाणी बंद, मी मित्राकडे झोपतो.

जोड कधीच आला होता ग. त्या दुकानावरून रोज जात होतो, आज करू उद्या करू म्हणत राहिलो. हात दाखवून अवलक्षण केलं. पुढच्या आठवड्यात तिला न्यायला येणार होतो. तूच सांग तिला, आणि या वेळी खरं सांग.

धाकटा

दि. १५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सगळं सांगितलं, जोडाचं खोटंही. ते तिच्या तोंडावर मी बोलले होते, तेव्हा एकट्यानंच कपाळ बडवून घेऊ नकोस. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं रे. मित्राकडे तू नीट जेवतोस-बिवतोस ना, एवढंच तिनं विचारलं.

दुपारी पाहते तर बांधलेली बॅग उघडून कपडे माझ्या कपाटात लावत होती. मी म्हटलं, थंडीपर्यंत घर होईल की दुरुस्त. होईल, म्हणाली. मग मला विचारलं, हा खण तिला कायमचा दिला तर माझी अडचण होईल का.

भेटायला ये. लोभ होता तेवढाच आहे, तिचाही.
ताई