दोन खोल्यांमधले निरोप

आई, तुझी नात इथे दोह्यात एका सरकारी कचेरीत आहे. काम असं की, देशोदेशींची भांडणारी माणसं बोलावून आणायची आणि त्यांचा समेट घडवायचा. ती एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून त्यांना दोन खोल्यांत बसवतात आणि हिच्यासारखी माणसं मधल्या बोळातून निरोप नेतात, आणतात. "शब्द बदलता का गं?" मी एकदा विचारलं. "छे बाबा! शब्द तेच. फक्त कडू असेल ते उशिरा सांगायचं. तोवर कधीकधी त्याची गरजच उरत नाही." हसली आणि ऑफिसला पळाली. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे.

कारण महिनाभर ती माझे आणि धाकट्याचे निरोप नेते आहे. तू गेलीस तेव्हा इथून मिळेल ते विमान पकडून घरी पोचलो, तर तुला नेऊन झालं होतं. थोरला मी, अग्नी त्यानं दिला. माझी वाट पाहिली नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही. आता त्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, आणि पोरगी म्हणते, एकदा जाऊन या. परवा म्हणाली, "काकांना फार वाटतं हो, थांबायला हवं होतं. तुमची ती शाळेतली कविता म्हणून दाखवली मला, अख्खी."

अख्खी! आई, मी चुलीपुढे बसून चालीवर कविता म्हणतोय, तू भाकरी थापता थापता मान डोलवते आहेस, आणि तो दुसऱ्या कडव्याला अडकलाय तो अडकलाच. मास्तरांच्या छडीनं न आलेलं तिसरं कडवं त्याला आता, छातीत दुखत असताना, आठवलं? "काय होतं तिसऱ्या कडव्यात?" मी विचारलं. "खलास, बाबा!" इथल्या अरबांसारखं 'पुरे' म्हणत तिनं मला गप्प केलं. "मी काय त्यांची परीक्षा घेत होते?"

मग तुझाही संशय यायला लागला. आम्ही भांडून दोन कोपऱ्यांत बसलो की तू येऊन सांगायचीस, "तो म्हणतोय, माझं चुकलं." आणि आम्ही जेवायला उठायचो. तो खरंच म्हणायचा का गं? मी तर एकदाही म्हटलं नव्हतं.

आज शुक्रवार, तिला सुट्टी. "काकांना काय सांगू?" मी चहाच्या कपातून मान वर केली नाही. ती बाल्कनीत गेली. दार पुरतं लागलं नव्हतं. "काका, बाबा येतायत. म्हणाले, ऑपरेशनच्या वेळी मी जवळ हवाच." मग बराच वेळ ती नुसती "हो काका, हो" म्हणत राहिली.

हे तुला पोचायचं नाही, म्हणून सांगतो. मी असलं काही बोललो नव्हतो. तिला अडवायला उठलो खरा, पण बाल्कनीकडे गेलोच नाही. स्टूल घेतलं आणि कपाटावरची बॅग खाली काढली.